शिरूरच्या अकरा जणी

मध्यंतरी वेल्ह्याकडच्या एका गावात बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले, चहा झाला. बायका उठल्या, पण एक जण तिथंच बसून राहिली. तिची मुलगी १४ वर्षांची. बोलते थोडं, हसते भरपूर, समज मात्र चार-पाच वर्षांच्या लेकराची. दिवाळीपासून तिला पाळी यायला लागलीय. आई मला म्हणाली, "ताई, लावणीच्या दिवसांत मी गुडघाभर चिखलात असते आन ही घरात कोंडलेली. बाहेरनं कडी घालून जाते मी. अशा पोरींना ठेवून घेणारी एक संस्था हाय म्हणतात. पण एकानं सांगितलं, आधी तिची पिशवी काढून टाका, मग घेतील. काढू का?"

मी तिला तेव्हा एवढंच म्हटलं, "घाई करू नकोस, आपण बोलू." कारण तिचा प्रश्न नवा नव्हता. आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूरला, १९९४ साली हाच प्रश्न पडला होता आणि त्याचं उत्तर कात्रीनं दिलं गेलं होतं. आज मी ती हकिगत सांगणार आहे. ती कळली की त्या आईला काय सांगायचं ते आपलं आपल्यालाच कळेल.

आधी शब्दाबद्दल बोलते. आपल्याकडे अशा लेकराला खुळं म्हणतात, येडं म्हणतात. सरकारी कागदावर बरीच वर्षं 'मतिमंद' असा शब्द होता. आता बौद्धिक दिव्यांग म्हणतात. जुन्या संस्थांची नावं आणि जुनी प्रकरणं सांगताना मला जुना शब्द घ्यावा लागेल, तेवढं समजून घ्या. शब्द बदलला तरी लेकरू तेच असतं. त्याची समज हळूहळू वाढते, काहींची एका टप्प्याला थांबते. हा आजार नव्हे. औषधानं तो जात नाही आणि अंगाऱ्यानंही जात नाही. पण शिकवलं तर त्यातली पुष्कळ लेकरं बरंच काही शिकतात.

एवढी साधी गोष्ट कायद्याला कळायला फार वर्षं लागली. इंग्रजांच्या राज्यात १९१२ साली वेड्यांचा कायदा झाला. त्यात डोक्यावर परिणाम झालेला माणूस आणि जन्मापासून समज कमी असलेला माणूस, दोघांनाही एकाच व्याख्येत बसवलं होतं. १९८७ साली मानसिक आरोग्याचा नवा कायदा झाला, तो १९९३ पासून लागू झाला. त्यात पहिल्यांदा मतिमंदत्व हे मानसिक आजारातून वेगळं काढलं. आईला जे लेकराच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत उमगतं, ते कायद्याच्या पुस्तकात यायला ८० वर्षं गेली.

या काळात महाराष्ट्रात दोन वेगवेगळ्या वाटा तयार झाल्या. एक वाट शाळेची. मुंबईत १९४४ साली वकील नावाच्या एका पारशी जोडप्यानं आपल्या जय नावाच्या मुलीसाठी शाळा काढली. ती जय वकील शाळा आजही चालू आहे. पुण्यात १९६४ साली सिंधुताई जोशी यांनी कामायनी सुरू केली. अशा शाळांमधून मुलं बटणं लावायला शिकली, मेणबत्त्या करायला शिकली, ताटवाट्या मांडायला शिकली.

दुसरी वाट निवासी संस्थांची. मुंबईत मानखुर्दला १९४१ साली चिल्ड्रेन्स एड सोसायटीनं मतिमंद मुलांसाठी निवासगृह सुरू केलं. देशातल्या पहिल्या काही निवासगृहांमध्ये त्याचं नाव घेतलं जातं. रस्त्यावर सापडलेली, टाकून दिलेली, घरच्यांना न झेपणारी मुलं अशा ठिकाणी येऊ लागली. पुढं राज्यात ठिकठिकाणी अशी निवासगृहं झाली, काही सरकारी, काही अनुदानावरची.

या दोन वाटांत एक फरक आहे. शाळेतलं मूल संध्याकाळी घरी येतं. आई त्याचे कपडे बदलते, आंघोळ घालते. अंगावर वळ असला तर तिला दिसतो, पोट खपाटीला गेलं तर दिसतं, मूल कुणाला घाबरायला लागलं तर तिच्या ध्यानात येतं. निवासगृहातल्या मुलाला असं रोज पाहणारं आपलं माणूस नसतं. त्यामुळं तिथं किती जणी कामाला आहेत, त्या कशा आहेत आणि बाहेरचं कोण कधी येऊन बघतं, यावरच त्या लेकराचं सगळं आयुष्य असतं. भिंतीचा रंग आणि दारातली फुलझाडं यावरून संस्था ओळखू नये, ते एवढ्यासाठीच.

आता शिरूरला येऊ. आपण भोरहून एसटीनं पुण्याला जातो, तिथून नगर रस्त्याला लागलं की घोड नदीच्या काठी शिरूर गाव लागतं. तिथं मतिमंद मुलींची सरकारी निवासी संस्था होती. १९९४ च्या फेब्रुवारी महिन्यात तिथल्या मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणलं आणि निदान अकरा जणींच्या गर्भपिशव्या काढून टाकल्या. साधारण पंधरापासून पस्तीस वर्षांपर्यंतच्या या मुली आणि बाया. त्यांच्या पिशवीत गाठ नव्हती की रक्तस्रावाचा आजार नव्हता. कारण असं दिलं गेलं की, या मुलींना पाळीच्या दिवसांत स्वच्छता राखता येत नाही आणि सांभाळणाऱ्यांना त्याचा फार त्रास होतो.

आणखीही मुलींचा नंबर लागायचा होता. पण बातमी फुटली. पुण्या-मुंबईच्या स्त्री संघटना, आरोग्य चळवळीतले कार्यकर्ते, अपंगांसाठी काम करणारे लोक पुढं आले. वर्तमानपत्रांतून रान उठलं आणि उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. पण अकरा जणींचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तेव्हा दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोललं गेलं. सरकारी अधिकारी आणि काही डॉक्टर म्हणत होते की हे मुलींच्या भल्यासाठीच आहे. काही आईबापांनीही हीच बाजू घेतली. मी त्या आईबापांना वाईट म्हणणार नाही. ज्या बाईनं वीस वर्षं अशा लेकीचे कपडे धुतले, रात्री तीन-तीन वेळा उठून तिला बघितलं, तिच्या पाठीचं दुखणं दुसऱ्याला कळत नाही. पण त्या बोलण्यात तीन प्रश्न मागं पडले. ते तेव्हा बायकांनीच विचारले आणि ते आजही विचारावे लागतात.

पहिला प्रश्न. मुलीला शौचाला, लघवीला जायलाही मदत लागते. ती तर रोजची लागते. पाळी महिन्यातून चार-पाच दिवसांची. पिशवी काढली म्हणून बाकीच्या दिवसांची स्वच्छता कशी होणार? जिथं रोजची स्वच्छता नीट होते, तिथं पाळीचीही होते. जिथं पाळीची होत नाही, तिथं रोजचीही होत नसणार. खरी अडचण मुलींच्या पोटात नव्हती. सांभाळणारे हात कमी होते, पाणी, कपडे, घड्या पुरेशा नव्हत्या आणि शिकवायला वेळ कुणाला नव्हता. हात वाढवायचे तर सरकारला दर महिन्याला पगार द्यावा लागतो. पिशवी एकदाच काढायची असते.

दुसरा प्रश्न भीतीचा होता. अशा मुलींवर कुणी हात टाकला तर? दिवस राहिले तर? पुष्कळ जणांच्या मनात हे असतं, फक्त बोलत नाहीत. पण पिशवी काढल्यानं हात टाकणारा थांबत नाही. उलट त्याला मोकळं रान मिळतं, कारण दिवस राहिले की निदान गोष्ट उघडकीला येते. पिशवी काढली की अत्याचार होतच राहतो, आणि कुणाला कळतही नाही. चोराच्या भीतीनं घराचा दिवा फोडून टाकावा, तसं हे झालं.

तिसरा प्रश्न साधा होता. त्या अकरा जणींना कुणी विचारलं का? त्यांना काय कळतंय, असं आपण म्हणतो. पण दुखतं हे त्यांना कळतं. परकी जागा, परकी माणसं, पोटावरची जखम, हे सगळं कळतं. समजेल अशा भाषेत, चित्र दाखवून, बाहुली हातात देऊन सांगता येतं. त्याला वेळ लागतो. वेळ म्हणजे पुन्हा हातच.

मैत्रिणींनो, पिशवी काढणं ही आपल्याला परकी गोष्ट नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची बातमी आपण ऐकली आहे. पाळीच्या दिवसांत खाडा होतो, दंड बसतो, म्हणून तरुण बायकांनी पिशव्या काढून घेतल्या. २०१९ साली सरकारला त्याच्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली. तिथंही तेच झालं. काम बाईच्या अंगाला जुळवून घेत नाही, म्हणून बाईचं अंग कामाला जुळवून घ्यायचं. शिरूरमध्ये संस्थेच्या सोयीला मुलींचं अंग जुळवलं गेलं.

शिरूरनंतर कायदे झाले. १९९५ साली अपंगांसाठी पहिला मोठा कायदा आला. १९९९ साली राष्ट्रीय न्यास कायदा झाला. त्याच्या मागं आईबापांचा एक जुना प्रश्न होता, आमच्यानंतर या लेकराचं कोण? मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्यानं आईबापही त्याचे पालक राहत नाहीत. म्हणून या कायद्यानं जिल्ह्याजिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांची समिती ठेवली. ती अशा प्रौढ मुला-मुलींसाठी कायदेशीर पालक नेमून देते. याच न्यासाची निरामय नावाची आरोग्य विमा योजनाही आहे.

२००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढं चंदीगडचं एक प्रकरण आलं. सरकारी आश्रयगृहात राहणाऱ्या, समज कमी असलेल्या एका अनाथ मुलीवर तिथंच अत्याचार झाला आणि तिला दिवस राहिले. तिला मूल हवं होतं. खालच्या न्यायालयानं गर्भपाताचा हुकूम दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयानं थांबवला. अशा बाईचीही इच्छा विचारात घ्यावी लागेल, असं ठरलं. मग २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की, जिच्यामुळं मूल होण्याची क्षमता जाते अशी कुठलीही शस्त्रक्रिया दिव्यांग व्यक्तीला समजावून सांगून, तिच्या मोकळ्या मनानं दिलेल्या संमतीशिवाय करता येणार नाही. शिरूरच्या अकरा जणींना जे मिळालं नाही, ते पुढच्या मुलींसाठी २२ वर्षांनी कागदावर आलं.

पण कागदावर आलं म्हणून घडतंच असं नाही. २०१० साली ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या कवडास इथल्या मतिमंद मुलांच्या आश्रमात पाच मुलं कुपोषणानं गेल्याची बातमी आली. मुंबई उच्च न्यायालयानं ती बातमी वाचून आपणहून प्रकरण हाती घेतलं आणि राज्यातल्या अशा निवासगृहांची पाहणी करायला समिती नेमली. डॉ. आशा बाजपेयी त्या समितीच्या प्रमुख होत्या. ही पाहणी चालू असताना, २०११ साली, पनवेलजवळ कळंबोलीच्या एका खासगी निवासगृहातले अत्याचार बाहेर आले. पाहणीला आलेले लोक नुसतं कार्यालयात बसून रजिस्टर बघून गेले नाहीत. ते मुलींच्यात बसले, त्यांच्या कलानं त्यांच्याशी बोलले. मुलींनी शब्दांनी, खुणांनी सांगितलं. पुढं न्यायालयातही मुलींची साक्ष झाली आणि २०१३ साली सत्र न्यायालयानं काही जणांना दोषी धरलं.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, ज्यांना काही सांगता येत नाही असं आपण धरून चालतो, त्या मुलींनी सांगितलं. ऐकणारं कुणीतरी त्यांच्याजवळ जाऊन बसायला हवं होतं. दुसरी, दोन्ही ठिकाणी बाहेरची नजर पडली तेव्हाच आतलं बाहेर आलं.

सगळीकडे असंच चालतं असं मात्र नाही. अमरावती जिल्ह्यात, परतवाड्याजवळ वझ्झर गाव आहे. तिथं शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग आणि मतिमंद मुला-मुलींना वाढवलं. १२३ लेकरांना त्यांनी वडील म्हणून स्वतःचं नाव लावलं. अठरा वर्षं पूर्ण झाली की बालगृहातून मूल बाहेर काढायचं, हा सरकारी नियम त्यांना मान्य नव्हता. ज्याला घरच नाही आणि ज्याची समज लेकराची आहे, ते अठराव्या वाढदिवसाला जाणार कुठं? अशा मुलांना कायमचं राहता यावं असा कायदा करा, अशी मागणी त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरली. त्या मुलांनी आजूबाजूच्या माळावर हजारो झाडं लावली आणि जगवली. २०२४ साली शंकरबाबांना पद्मश्री मिळाली. तिथं जमलं याचं कारण काय? लेकराला नाव होतं, हाताला काम होतं आणि उद्या आपल्याला इथून घालवतील अशी भीती नव्हती. चांगली संस्था म्हणजे एवढंच असतं, आणि एवढंच करणं फार अवघड असतं.

आता त्या वेल्ह्याच्या आईकडे परत जाऊ. मी तिला काय सांगितलं?

पहिलं हे सांगितलं की, पिशवी काढायची नाही. जी संस्था पिशवी काढून आणा म्हणते, तिनं आपणहूनच सांगून टाकलंय की आमच्याकडे सांभाळायला माणसं नाहीत. तिथं लेक ठेवायची नाही.

दुसरं सांगितलं, लेकीला पाळी शिकवायची. एकदम नाही, रोज थोडी. कपडा किंवा पॅड ठेवायची जागा एकच ठेवायची, ती बदलायची नाही. चड्डीला पॅड कसं लावायचं ते कोरड्या दिवसांत आपण करून दाखवायचं, मग तिच्या हातानं करून घ्यायचं. दिनदर्शिकेवर तिलाच लाल टिकली लावायला द्यायची. न्हाणीघरातच बदलायचं, चार माणसांत कपडा वर करायचा नाही, हेही खेळासारखं शिकवायचं. सहा महिने लागतील, वर्ष लागेल. सगळ्या मुलींना सगळं जमणार नाही. जेवढं जमेल तेवढं तिचं स्वतःचं राहील, आणि पुढं कुणाही सांभाळणाऱ्याचं काम तेवढं हलकं होईल.

तिसरं सांगितलं, संस्थेत ठेवायचा विचार केलास म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. ठेवलं म्हणजे टाकलं असं होत नाही. कडी लावून कोंडलेली पोर आपल्याच घरात असली तरी ती कोंडलेलीच. पण ठेवण्याआधी जाऊन बघ. एकटी जाऊ नकोस, गटातल्या दोघी-तिघींना घेऊन जा.

गेल्यावर बघायचं काय? अशा संस्थेला २०१६ च्या कायद्यानं नोंदणी सक्तीची आहे आणि नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असलं पाहिजे. ते आहे का, त्याची मुदत आहे का, ते वाचून घ्यायचं. मग विचारायचं, रात्री किती मावश्या असतात? दिवसाचं कुणीही सांगेल, रात्रीचं विचारायचं. मुलींच्या खोल्यांकडे रात्री पुरुष कुणी असतो का? पाळीची नोंद ठेवतात का, आणि एखादीची पाळी चुकली तर काय करतात? मुलींना आपापले कपडे आहेत का, की ढिगातून हाताला लागेल ते घालतात? मावश्या मुलींना नावानं हाक मारतात का? जेवणाच्या वेळेला जाऊन बसायचं आणि ताट बघायचं. न्हाणीघर आणि संडास बघायचे. आणि शेवटी, आम्ही न कळवता भेटायला आलो तर चालेल का, असं विचारायचं. नाही म्हणाले तर चहासुद्धा न घेता उठायचं.

ठेवल्यावरही जात राहायचं. आईला एसटीनं दर महिन्याला जाणं जमणार नाही. पाऊस असतो, लावणी असते, कापणी असते, तिकिटाला पैसे लागतात. पण गटात आपण दहा-बारा जणी असतो. दर महिन्याला एकीनं जायचं ठरवलं तर वर्षाला एकेकीची एकच फेरी होते. संस्थेला कळतं की या पोरीच्या मागं अख्खं गाव आहे. आणि कुठं मारहाण, उपासमार, अत्याचार दिसला तर गप्प बसायचं नाही. दिव्यांग व्यक्तीचा छळ होतोय असं वाटलं तर कुणीही, अगदी नात्यातलं नसलेलं माणूसही, त्या भागातल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतं. आपल्या ओळखीच्या शब्दात सांगायचं तर, तहसीलदारांना. लेकरू अठराच्या आतलं असेल तर १०९८ या नंबरवर फोन लावायचा. दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालयही आपल्या पुण्यातच आहे.

शिरूरच्या त्या अकरा जणींपैकी कुणाचंही नाव मला माहीत नाही आणि ते माहीत असायचं कारणही नाही. त्या वेळी पंधरा वर्षांची असलेली मुलगी आज आपल्याएवढी असेल. लढणाऱ्या बायका धावून आल्या, पण त्या शस्त्रक्रिया झाल्यावर आल्या. त्याच्या आधी, वर्षानुवर्षं, त्या संस्थेच्या दारात महिन्यातून एकदा जरी पाच बायका जाऊन बसल्या असत्या, तरी गोष्ट कात्रीपर्यंत गेली नसती असं मला वाटतं.

वेल्ह्याच्या त्या आईनं लेकीला अजून कुठं ठेवलेलं नाही. या वर्षी लावणीच्या दिवसांत गटातल्या बायकांनी पाळ्या लावल्या. रोज एक जण शेतावर न जाता मुलीपाशी थांबायची, आणि तिची लावणी बाकीच्या जणी उरकायच्या. दारावरची कडी महिनाभर लागली नाही. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघू, असं त्या म्हणतात. तुमच्या गावात असं एखादं घर असेल, तर पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले की हा विषय काढा.